बार्बेडोसचे किनारे: बडोद्याच्या पोहणाऱ्यांनी कुठे उतरावं, कुठे नाही

29 जून 2024 ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपल्या बडोद्याच्या हार्दिक पंड्याने टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि बार्बेडोस या कॅरिबियन बेटाचं नाव दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत घराघरात पोचलं. तिकडे सुटीवर जाण्याचा बेत ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. हॉटेलच्या खोल्या आणि नाश्ता यांबद्दल यात काही मिळणार नाही. विषय फक्त पाण्याचा: किनारे पोहायला कसे आहेत, लाइफगार्डची सेवा कशी आहे, भाड्याने मिळणारं सामान आणि बोटीच्या सहली यांवर कितपत भरवसा ठेवावा.

निकाल आधीच सांगते. पश्चिम किनारा कुटुंबासाठी फार चांगला आहे. दक्षिण किनारा पोहता येणाऱ्यांसाठी, आणि तोही लाइफगार्ड असेल तिथेच. पूर्व किनारा बघायला अवश्य जा, पोहायला अजिबात नको. हे तीन किनारे गाडीने तासाभराच्या आत एकमेकांपासून गाठता येतात. सकाळी काचेसारखं पाणी पाहिलेलं कुटुंब दुपारी त्याच विश्वासाने दुसऱ्या बाजूला उतरतं, आणि घात तिथेच होतो.

बेट लहान आहे, सुमारे 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो. त्यामुळे पूर्वेला अटलांटिकच्या लाटा आडोसा न मिळता थेट आदळतात आणि पश्चिमेला बेटाची आड मिळून कॅरिबियन समुद्र शांत राहतो. आपल्याला समुद्राची सवय आहे ती दमण, तीथल आणि डुमसची. खंभातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून आपली माणसं भरतीची वेळ बघून किनाऱ्यावर जातात. बार्बेडोसला हा फरक एक मीटरपेक्षाही कमी. तिथे घड्याळ बघून काही कळत नाही, वारा आणि लाटा बघाव्या लागतात. दुसरं म्हणजे आपल्याकडे गढूळ पाण्यात चिखल तुडवत बराच वेळ गुडघाभर पाण्यातच चालता येतं. तिथे पाणी इतकं स्वच्छ असतं की तळ जवळ वाटतो, आणि काही किनाऱ्यांवर चार पावलांत पाणी छातीला लागतं.

आता एकेक किनारा.

पोरंबाळं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ब्रिजटाऊनला लागूनच असलेलं कार्लाइल बे पहिल्या पसंतीचं. अर्धचंद्राकार खाडी, खाली मऊ रेती, लाट जेमतेम घोट्याएवढी, आणि लाइफगार्डची चौकी. पोहण्याच्या जागेला बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, लावलेले असतात. त्यांच्या आत राहिलात तर जेट-स्की आणि बोटींचा त्रास होत नाही. पाण्याखाली जुन्या जहाजांचे सांगाडे आहेत, त्यातली बर्विन ही टगबोट 1919 साली बुडालेली. बरेचसे सांगाडे इतक्या कमी खोलीवर आहेत की मास्क लावून वरूनच दिसतात. त्यांच्याजवळ जायचं तर बोयांच्या बाहेर, बोटींच्या वाटेवर जावं लागतं. तेव्हा तिथे स्वतःहून पोहत जाऊ नका, वाटाड्यासोबत बोटीनेच जा. होलटाऊनजवळचं फोकस्टोन सागरी उद्यानही चांगलं, पण तिथे काठालगत खडक आहेत. पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेत.

या शांत पश्चिम किनाऱ्यात एक खोच आहे आणि जाहिरातीच्या पत्रकात ती सापडणार नाही. पाणी शांत असतं कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हाच वारा हवा भरलेली ट्यूब, फुग्याची गादी, पॅडलबोर्ड हे सगळं अलगद बाहेर ढकलत नेतो. काठावर लाट नाही, आवाज नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मूल ट्यूबमध्ये खुशीत बसलेलं असतं आणि पाच-दहा मिनिटांत ते मोठ्या माणसाच्या पोहण्याच्या आवाक्याबाहेर जातं. सुरसागरसमोरच्या दुकानातून असो की विमानतळावरून, अशा फुगवायच्या वस्तू बॅगेत भरूच नका. हातात घालायचे फुगेही नकोत, ओल्या हातावरून ते सटकतात. मुलाला मापाचं लाइफ जॅकेट घाला, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घातल्यावर खांद्याला धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. भाड्याच्या जॅकेटांत मुलांची मापं कमी असतात, म्हणून इथूनच विकत घेऊन न्या.

हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, पश्चिम किनाऱ्यावर अधूनमधून आणखी एक प्रकार होतो. उत्तर अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी वादळ होतं आणि त्याच्या लांबलचक लाटा दोन-तीन दिवसांनी इथे पोचतात. आकाश निळं, वारा नाही, आणि तरी काठावर एकाएकी मोठी लाट फुटते. मग पुन्हा दहा मिनिटं शांतता. या शांततेला फसून लोक उतरतात. अशा दिवशी पाणी काठाजवळ गढूळ दिसतं आणि लाइफगार्ड लाल किंवा पिवळा झेंडा लावतो. त्या दिवशी पोहण्याच्या तलावातच पोहावं.

दक्षिणेला मजा वेगळी. अक्रा बीच, ज्याला रॉकलीही म्हणतात, तिथे लाटा खेळण्याजोग्या असतात, लाइफगार्ड असतात आणि लागूनच समुद्राकाठचा फिरायचा रस्ता आहे. वर्दिंगला पुढे प्रवाळाची रांग आहे, तिच्या आत पाणी उथळ राहतं. मायामी बीच, म्हणजेच एंटरप्राइझ, इथे एकाच ठिकाणी दोन बाजू आहेत: एक शांत, दुसरी लाटांची. सोबतच्यांपैकी काही पोहणारे आणि काही पाय भिजवणारे असतील तर ही जागा सोयीची. त्याच्याही पुढे सिल्व्हर सँड्सला वारा आणि प्रवाह दोन्ही जोरदार, ती वाऱ्यावर शिडाची फळी चालवणाऱ्यांची जागा आहे.

आग्नेयेला क्रेन बीच. फोटोत सगळ्यात देखणा हाच, आणि मान मोडायचा धोकाही इथे सगळ्यात जास्त. लाट थेट काठावर, हातभर पाण्यात फुटते. अशा लाटेखाली डोकं पुढे करून सूर मारला तर खालच्या रेतीवर डोकं आपटतं आणि दुखापत मानेच्या मणक्याला होते. कडेला उभं राहून पाठ समुद्राकडे करून फोटो काढणारेही याच लाटेने उचलून आपटले जातात. क्रेनला वर कड्यावरून दृश्य बघा, खाली रेतीवर चाला आणि पाण्यात उतरायचंच असेल तर लाइफगार्डला विचारून, कमरेपर्यंतच, लाटेकडे तोंड ठेवून.

पूर्वेला बाथशेबा. तिथल्या सूप बोल नावाच्या जागी जगभरातले सर्फर येतात, यावरूनच पोहणाऱ्याने काय ते समजावं. तिथे खडकांच्या मध्ये नैसर्गिक डबकी आहेत. ओहोटीला स्थानिक लोक त्यांत बसतात, तसं तुम्हीही बसा. पण समुद्राकडे पाठ नको आणि भरती चढायला लागली की उठायचं. या बाजूला पोहायचंच असेल तर बाथ नावाचा किनारा आहे, पुढे प्रवाळाचा बांध असल्याने तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

लाइफगार्डची सेवा नॅशनल कॉन्झर्व्हेशन कमिशन ही सरकारी संस्था चालवते. माणसं तयारीची असतात, विचारलं की नीट सांगतात. पाण्यात उतरण्याआधी एक प्रश्न विचाराच: "आज ओढ कुठे आहे?" ओढ म्हणजे काठाकडून समुद्रात धावणारा पाण्याचा प्रवाह, त्यांना रिप करंट म्हटलं की कळतं. हात करून ते नेमकी जागा दाखवतात. लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल-पिवळा दुरंगी झेंडा म्हणजे इथे लाइफगार्डची नजर आहे. सेवेत उणं काय, तर पश्चिमेच्या अनेक लहान खाड्यांवर आणि हॉटेलांसमोरच्या तुकड्यांवर चौकीच नाही, आणि संध्याकाळी लाइफगार्ड निघून गेले की चौकी रिकामी दिसते पण लोक पाण्यातच असतात. रिकामी चौकी म्हणजे लाइफगार्ड नाही, असंच धरून चला. बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलसमोर लाइफगार्ड नसेल तर तिथेच अडकून राहण्याची गरज नाही, सरळ बस पकडा. भाडं कुठेही जा साडेतीन बार्बेडियन डॉलर, आणि दोन बार्बेडियन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर ठरलेला आहे. खुर्ची-छत्री किंवा बोट ठरवताना भाव कुठल्या डॉलरात ते आधी विचारा, नाहीतर दुप्पट जातील.

ओढ ओळखायची कशी हे मात्र प्रत्येकाला आलं पाहिजे. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणतात. ते पाणी परत जायला रस्ता शोधतं आणि रेतीच्या दोन उंचवट्यांमधल्या फटीतून एकत्र होऊन बाहेर धावतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि वरवर शांत दिसतं, फेस आणि काडीकचरा समुद्राकडे सरकत असतो. नवखा माणूस नेमकी तीच शांत जागा निवडतो. काठावर, जमलं तर उंच जागी, दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. ओढीचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या वेगाने ऑलिम्पिकचा पोहणाराही पोहू शकत नाही. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटताना दिसतील तिथून तिरकं परत या. दुसऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारू नका. लाइफगार्डला हाक द्या आणि तरंगेल ते फेका: जॅकेट, बर्फाची रिकामी पेटी, झाकण लावलेला मोठा कॅन.

बडोद्यात बहुतेकांचं पोहणं लालबाग किंवा सरदारबागेच्या तलावात झालेलं असतं. तलावात दर फेरीला भिंत मिळते, तिला लाथ मारून फुकटचा जोर मिळतो आणि दमलं की कठडा धरता येतो. समुद्रात यातलं काही नाही. म्हणून जाण्याआधी महिनाभर ही तयारी करा: भिंतीला हात किंवा पाय न लावता, वळण तलावाच्या मध्येच घेऊन, सलग 200 मीटर. मग लगेच पाच मिनिटं पाठीवर तरंगणं आणि पाच मिनिटं पाय टेकवल्याशिवाय उभं राहणं. हे जमत नसेल त्याने समुद्रात कमरेच्या वर जाऊ नये, मग वय काहीही असो. कपड्यांचंही बघा. सुती सलवार, जीन्स, ओढणी घालून आपल्याकडच्या बायका पाण्यात उतरतात. भिजलेला सुती कपडा पायांना गुंडाळतो आणि हात वर उचलू देत नाही. अंग झाकणारा लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घ्या. त्याने उन्हापासूनही बचाव होतो आणि तिथे त्याकडे कुणी वळूनही बघत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: लष्करी छापाचे ठिपक्यांचे कपडे बार्बेडोसमध्ये बेकायदा आहेत. मुलांची चड्डी किंवा टोपीसुद्धा त्यात येते.

कॅटमरान बोटीची कासवांची सहल सगळे घेतात आणि ती घेण्यासारखी आहे. तक्रार एकच, पण मोठी: काही बोटींवर जॅकेट मागावं लागतं, आणि पाण्यात उतरण्याआधी रम पंच हातात दिला जातो. हे पेय बनवायचं तिथलं जुनं माप असं: एक भाग लिंबू, दोन भाग साखरेचा पाक, तीन भाग रम, चार भाग पाणी. पाक आणि लिंबामुळे रमची चव लागतच नाही. दारूबंदीच्या राज्यातून गेलेल्याला सवय नसते आणि ऊनही असतं. नियम साधा ठेवा: शेवटचं पोहणं आटोपेपर्यंत थेंबही नाही. आणि जॅकेटशिवाय कुणीही बोटीवर चढू नये. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर बडोद्याच्या माणसाने "फोटोपुरतं काढते" म्हणू नये आणि बोटवाल्याच्या "काही होत नाही" वर मान डोलावू नये. जॅकेट नसेल तर उतरून जा, पैसे बुडाले तरी चालतील.

मास्क भाड्याने घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशा असतील तर नेमकी तिथूनच हवा जाते आणि पाणी शिरतं. नाकाखालची मिशांची वरची कड अर्धा सेंटिमीटर कातरली की काम होतं. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क इथूनच बनवून न्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरल्यास डोळ्याला संसर्ग होण्याची भीती असते. पाण्याखाली वस्तू पाव भागाने जवळ दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून खडकापासून लांबच राहा. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असलेल्या काका-मावशींनी नळीने श्वास घेत पोहण्याचा, म्हणजे स्नॉर्केलिंगचा, हट्ट सोडावा. नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, आणि चेहरा पाण्यात असलेला माणूस बेशुद्ध झाला तरी वरून तो मासे बघत असल्यासारखाच दिसतो. जोडीने पोहा आणि दर मिनिटाला एकमेकांकडे बघा. कासवांना खायला घालणाऱ्या सहली टाळा. चारा मिळण्याची सवय लागलेलं कासव बोटांनाही चावतं.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड आहे, आणि आपल्या लोकांसाठी मला त्याची विशेष काळजी वाटते, कारण पडलेली बोरं-चिंचा उचलून तोंडात टाकायची सवय आपल्या पोरांना असते. पानं चकचकीत हिरवी, फळ पिवळट हिरवं, आवळ्याहून थोडं मोठं, वास गोडसर. एक घास घेतला तरी घशाला भाजल्यासारखं होऊन सूज येते. चीक कातडीवर फोड आणतो, आणि पावसात या झाडाखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही तेच होतं. खोडावर बऱ्याच ठिकाणी लाल रंगाचा पट्टा किंवा पाटी असते. चीक लागला तर लगेच साबण-पाण्याने भरपूर धुवा, डोळ्यांत गेला तर धुत धुत दवाखाना गाठा.

समुद्री साळू, म्हणजे काळे लांब काटे असलेला प्राणी, खडकाळ जागी पायात घुसतो. दिसणारे काटे चिमट्याने काढा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आतच, अर्धा ते दीड तास ठेवा. पूर्व किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. तो पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर असतो, वाळूवर मेलेला असला तरी डंख मारतो. डंख बसल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग गरम पाणी. वाळू चोळू नका. 2011 पासून सारगासम हे तपकिरी शेवाळ वसंत आणि उन्हाळ्यात पूर्व-दक्षिण किनाऱ्यांवर ढीगाने येतं, कुजल्यावर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दम्याच्या रुग्णांनी तिथे थांबू नये.

ऊन बडोद्याइतकं गरम वाटत नाही, कारण वारा असतो. पण बेट 13 अंश अक्षांशावर आहे आणि भाजणं जास्त होतं. मोठ्या माणसाला एका वेळेला सनस्क्रीन सुमारे 30 मिलिलिटर लागतं, दर दोन तासांनी आणि पोहल्यावर पुन्हा. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच अंधार पडतो, म्हणून पाच वाजता सगळे पाण्याबाहेर.

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. बार्बेडोस इतर बेटांच्या पूर्वेला असल्याने तडाखा कमी वेळा बसतो, पण विश्वचषक जिंकलेला भारतीय संघच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाल्यावर तिथे अडकला आणि 4 जुलैला दिल्लीत पोचला. या काळात गेलात तर प्रवास विमा घेताना त्यात स्नॉर्केलिंग आणि जेट-स्की "साहसी खेळ" म्हणून वगळलेत का, आणि उपचारासाठी दुसरीकडे हलवण्याचा खर्च आहे का, हे छापील अटींत वाचा.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. त्याला आधी हवा हवी असते. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. नुसते छातीचे दाब इथे पुरत नाहीत. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी खोकला किंवा धाप राहिली असेल तर त्याच दिवशी ब्रिजटाऊनच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलला न्या. रुग्णवाहिकेचा नंबर 511, पोलीस 211, अग्निशमन 311. विमान उतरलं की हे तीन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भरून घ्या, मुलांच्यासुद्धा.